लेदर जॅकेट आणि आपला पावसाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात बुलेटवाले वाढले, यवतेश्वर घाटातून कासला जाणारे वाढले, तशी घराघरांतली लेदर जॅकेटंही वाढली. त्यांची निगा कशी राखायची हे मात्र बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून शिकतात. तिकडे थंडीत घरं हीटरनं तापवतात, हवा कोरडी पडते आणि चामडं सुकतं, म्हणून ते लोक पुन्हा पुन्हा कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, लावायला सांगतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. इथं जॅकेट कोरडं पडून क्वचित खराब होतं. ते खराब होतं जास्त तेल पाजून आणि बंद कपाटात कोंडून. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

माझं जॅकेट खऱ्या चामड्याचं आहे की रेक्झिनचं, हे कसं ओळखू?

सगळ्यात आधी हेच बघा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. खिशाच्या आत, कॉलरच्या खाली किंवा अस्तर थोडं उसवलं असेल तिथं कापलेली कड शोधा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात. रेक्झिन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन नावाचं प्लास्टिक) असेल तर खाली विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिसतो. वासावर जाऊ नका, वास फवारूनही देतात. काडी पेटवून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, फुकट भोक पडेल.

‘पीयू लेदर’, ‘फॉ लेदर’, ‘व्हेगन लेदर’ असं लेबल असेल तर ते बहुतेक वेळा प्लास्टिकच असतं. दमट हवेत पीयूचा थर रासायनिकरीत्या तुटत जातो आणि काही वर्षांत खांद्यावर, कोपरावर पोपडे सुटतात. न वापरता ठेवलेलं जॅकेटही असंच सोलतं, म्हणून लोक चक्रावतात. त्यावर कुठलंही कंडिशनर चालत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं ठेवा आणि टिकेल तितकं वापरा.

कंडिशनर वर्षातून किती वेळा लावायचं?

सातारा शहर, वाई, कराड, पाटण या बाजूला असाल तर एकदा. पाऊस पूर्ण गेल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान. खंडेनवमीला गाड्या धुऊन पुसून पूजेला लावतोच, त्याच सुमारास जॅकेटही हातात घ्या म्हणजे विसरत नाही.

जिल्हा मात्र एकसारखा नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. म्हसवड, दहिवडी किंवा सांगलीकडे जत, आटपाडी भागात राहत असाल आणि जॅकेट रोज उन्हात वापरत असाल, तर उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरा एक हलका हात चालेल. महाबळेश्वर, कोयना भागात उलट एखादं वर्ष सोडलं तरी बिघडत नाही.

गरज आहे का, हे चामडंच सांगतं. कोपराजवळ दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. घडीवर फिकट, कोरड्या रेघा उमटल्या आणि हात काढल्यावरही राहिल्या, तर लावा. चामडं लवचिक असेल, हाताला गार आणि मऊ लागत असेल, तर डबी परत कपाटात ठेवून द्या.

लावायची नेमकी पद्धत काय?

आधी साफसफाई. कोरड्या मऊ ब्रशनं शिवणींतली, कॉलरखालची, खिशाच्या तोंडाची धूळ काढा. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानं सगळीकडून पुसा आणि सावलीत वाळू द्या. धुळीवर कंडिशनर चोळलं तर ती धूळच चामड्यात घासली जाते, आणि आपल्याकडची घाटातली लाल धूळ फिकट तपकिरी चामड्याच्या रंध्रांत एकदा बसली की निघत नाही.

मग आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडं लावून एक दिवस थांबा. रंग गडद झाला आणि तसाच राहिला, तर पूर्ण जॅकेटचाही तोच होणार हे धरून चला. ठीक वाटलं तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं कंडिशनर सुती फडक्यावर घ्या, थेट जॅकेटवर कधीच ओतू नका. एक बाही, मग दुसरी, मग पाठ असं गोल गोल हातानं पसरवा. कोपर, खांदा, खिशाच्या कडा इथं चामडं जास्त दुमडतं, तिथं जरा जास्त. अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं सगळं जोर लावून पुसून काढा. लोक हीच पायरी गाळतात. वर राहिलेला चिकट थर धूळ धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीचं खाद्य होतो. पुसून झाल्यावर एक रात्र पंख्याखाली, उघड्यावर टांगा.

घरचं खोबरेल तेल का चालत नाही? केसांना चालतं, चामड्याला काय होतंय?

पहिल्या दिवशी काहीच होत नाही, उलट जॅकेट नव्यासारखं दिसतं. म्हणून तर हा उपाय इतका पसरलाय. अडचण पुढच्या महिन्यांत येते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो आणि चामड्यात शिरलेलं तेल पांढुरकं होऊन वर दिसायला लागतं. लोकांना वाटतं बुरशी आली, म्हणून ते पुन्हा तेल लावतात. शिवाय तेल सगळीकडे सारखं मुरत नाही, डाग डाग पडतात, आणि फिकट जॅकेटवरचे ते डाग जात नाहीत.

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी ही तेलं त्याहून वाईट. हवेशी संयोग होऊन ती आधी चिकट होतात, मग खवट वास मारतात. तो खवट वास अस्तरात शिरला की कितीही वारा द्या, जात नाही.

मग कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात ते चुकीचं आहे का?

अजिबात नाही. चपलेचं चामडं वेगळं असतं, इतकंच. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून वनस्पतिजन्य पद्धतीनं कमावलेलं असतं, जाड असतं आणि त्यावर रंगाचा बंद थर नसतो, म्हणून ते तेल पितं. २०१९ मध्ये या चपलेला जी भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली त्यात सातारा आणि सांगली हे आपले दोन्ही जिल्हे आहेत, त्यामुळे हे ज्ञान आपल्याकडे घराघरात आहे. चांगलंच ज्ञान आहे ते.

जॅकेटचं चामडं बहुतेक वेळा मेंढीचं किंवा बकरीचं, पातळ, आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ राहावं म्हणून चामडं कमावायच्या कारखान्यातच त्यात हवी तेवढी स्निग्धता भरलेली असते. वर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा थर असतो. पाण्याचा थेंब टाकून बघा: तो तसाच गोळा होऊन राहिला तर लेप शाबूत आहे, तेल आत जाणारच नाही, वरच चिकटून राहील. थेंब लगेच मुरून गडद डाग पडला तर ते उघडं चामडं आहे. त्याला कंडिशनर लागू होतं, पण डागही लवकर पडतात.

महाबळेश्वरचं मधमाशीचं मेण वापरलं तर?

महाबळेश्वर भागात मधाचा व्यवसाय जुना आहे, जवळच्या मांघरला २०२२ पासून ‘मधाचं गाव’ म्हणून ओळख मिळाली आहे, त्यामुळे शुद्ध मेण मिळणं आपल्याला अवघड नाही. चामड्याच्या बहुतेक चांगल्या बामांत हेच मेण असतं. ते पाणी आत शिरू देत नाही आणि तेलासारखं खवट होत नाही.

पण नुसतं मेण घासू नका, ते वर थापलं जातं आणि दुमडीत तडकतं. त्यात लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, मिसळलेला तयार बाम घ्यावा. घरी करायचा असेल तर पातेल्यातल्या गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवा, थेट गॅसवर नको. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, उकळायची गरज पडत नाही. असा बाम जाड चामड्याच्या जॅकेटला, बुटांना, पट्ट्याला उत्तम. मऊ मेंढीच्या फॅशन जॅकेटला मी तो लावणार नाही, त्याची मऊ पोत बसून जाते.

बूट पॉलिश? व्हॅसलिन?

दोन्ही नको. पॉलिशचा रंग पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर आणि गाडीवर मागं बसणाऱ्याच्या कपड्यांवर उतरतो. व्हॅसलिन वर चिकट राहून धूळ ओढतं.

जॅकेटवर पांढरट थर आलाय. बुरशीच असणार ना?

असेलच असं नाही. चामड्यातली चरबी थंडीत वर येऊन गोठली तरी अगदी असाच पांढरा धुरकट थर दिसतो. बोटानं चोळून बघा, आणि हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून हातभर अंतरावरून काही क्षण फिरवा. चरबी असेल तर थर वितळून दिसेनासा होतो. कोरड्या फडक्यानं पुसलं की काम झालं.

बुरशी उबेनं नाहीशी होत नाही. तिचे ठिपके गोल गोल असतात, जवळून बघितलं तर बारीक केसाळ दिसतात, आणि कुबट वास असतो. ती आधी कॉलरच्या आत, काखेत आणि खिशांत येते, कारण घाम आणि त्वचेचं तेल तिथंच साठलेलं असतं.

बुरशी धरलीच असेल तर ती कशी काढायची?

घरात झटकू नका. गच्चीवर किंवा अंगणात न्या, तोंडाला मास्क लावा, आणि बाकीच्या कपड्यांपासून लांब मऊ ब्रशनं कोरडीच झाडून घ्या. आधीच ओलं फडकं फिरवलं तर बुरशीचं बी सगळीकडे पसरतं. ब्रश आणि फडकं नंतर गरम पाण्यात धुवा.

मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळा, फडकं त्यात भिजवून घट्ट पिळा आणि हलक्या हातानं पुसा. न दिसणाऱ्या जागी आधी करून बघा, कारण उघड्या चामड्याचा रंग अल्कोहोलनं निघू शकतो. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आणि सुगंध मागं राहतो. पेट्रोल आणि थिनर तर दारातही आणू नका, वरचा लेप उतरतो.

अस्तर बाहेर काढून, खिसे उलटे करून तेही पुसा. नंतर पंख्याखाली दोन दिवस. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ, अस्तर वरच्या बाजूला करून दिलं तर चालेल, दुपारचं मात्र नको. हे सगळं होईपर्यंत कंडिशनर लावू नका. आणि ज्या कपाटात बुरशी आली ते कपाटही आतून पुसून, उघडं ठेवून वाळवल्याशिवाय जॅकेट परत तिथं ठेवलं तर पुढच्या पंधरवड्यात तेच दुखणं.

जून ते सप्टेंबर जॅकेट कुठं ठेवायचं?

लोखंडी कपाटात कोंबलेल्या कपड्यांच्या मागं तरी नको. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी वाढायला लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती त्याच्या खाली येतच नाही. आर्द्रता आपण कमी करू शकत नाही, हवा मात्र खेळती ठेवू शकतो. बाहेरच्या गार भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, कारण पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल येते. जाड, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, घरातल्या वावराच्या खोलीत, पंख्याचा वारा लागेल असं टांगा. तारेच्या हँगरनं खांद्याला टोकं येतात आणि ती बसत नाहीत. धुळीसाठी जुन्या सुती साडीचं किंवा चादरीचं आवरण शिवा. लाँड्रीची प्लास्टिक पिशवी कधीच नको, ती आतली ओल आतच कोंडते.

दर आठवड्याला एकदा काढून अंगावर घाला, पाच मिनिटं वावरा, खिशात हात घालून बघा. कुबट वास आला तर त्याच दिवशी कळतं.

सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीत कामाच्या, उघड्या कपाटात त्या दोन दिवसांत सादळतात. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही आणि त्यांचा वास चामड्यात कायमचा बसतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळलेला ठेवा. तो कसरीसाठी असतो, बुरशीसाठी नाही, आणि ओला पाला ठेवला तर तुम्हीच कपाटात पाणी नेऊन ठेवल्यासारखं होतं.

कासला जाताना पावसात चिंब भिजलं. आता काय करू?

आल्या आल्या खिसे रिकामे करा, टॉवेलनं टिपून घ्या, घासू नका. चेन उघडी ठेवून रुंद हँगरवर टांगा, बाह्यांत कोरडे टॉवेल सैल कोंबा आणि ते ओले झाले की बदला. वर्तमानपत्र वापरलं तर शाई फिकट अस्तराला लागते. पंखा चालू ठेवा आणि जॅकेटला दोन दिवस द्या.

गाडीच्या गरम इंजिनावर, चुलीशेजारी, गिझरवर किंवा हेअर ड्रायरच्या झोतात वाळवू नका. ओलं चामडं कोरड्यापेक्षा खूप कमी तापमानाला आकसतं, आणि एकदा आकसून कडक झालेलं चामडं कंडिशनरनं पूर्ववत होत नाही. पूर्ण वाळल्यावर जरा ताठर वाटेल. तेव्हा अगदी पातळ हात फिरवला तर मऊ पडेल. नेहमी पावसातच फिरत असाल तर जॅकेटवर रेनकोट घाला, दुसरा खरा उपाय नाही.

सांगलीत पुराच्या पाण्यात जॅकेट गेलं तर वाचतं का?

कधी कधी वाचतं, पण वेळ फार थोडा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, तेव्हा घरांत पाणी आणि गाळ दिवसच्या दिवस राहिला. इतके दिवस बुडालेल्या जॅकेटची आशा धरू नका, विशेषतः त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असेल तर. कपाटातल्या इतर गोष्टी आधी वाचवा.

एक-दोन दिवसांत हाती लागलं तर गाळ वाळायच्या आत काढायचा. वाळलेला गाळ चामड्याला सँडपेपरसारखा कापतो. हातात रबरी मोजे घाला, स्वच्छ गार पाणी हलकेच ओतत गाळ जाऊ द्या, अस्तरही धुवा, मग वर सांगितल्याप्रमाणे टिपून वाऱ्यावर वाळवा. वाळताना रोज तपासा आणि ठिपका दिसला की अल्कोहोलच्या पाण्यानं पुसा. रंगात फरक राहील, धातूच्या बटणांभोवती काळे डाग राहतील. घालता येण्याजोगं झालं तर पुष्कळ समजा.

घरी धुता येतं का? ड्रायक्लीनला द्यावं का?

मशीनमध्ये कधीच नाही. कपड्यांचा साबण अल्कधर्मी असतो आणि चामडं थोडं आम्लधर्मी, त्यामुळे साबणानं ते कोरडं आणि ताठर होतं. घामट कॉलरसाठी कोमट पाण्यात सौम्य बेबी शाम्पूचा एखादा थेंब, पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं. तेवढं पुरतं.

साध्या ड्रायक्लीनिंगमधले द्रव चामड्यातली स्निग्धता ओढून घेतात. द्यायचंच असेल तर दुकानदाराला थेट विचारा की चामडं ते स्वतः करतात की पुण्या-मुंबईला पाठवतात, आणि नंतर परत स्निग्धता भरतात का. उत्तर गुळमुळीत आलं तर जॅकेट घेऊन घरी या.

सुएडला वेगळं काही?

हो. सुएड म्हणजे लवदार, मखमली पृष्ठभागाचं चामडं. त्याला क्रीम, तेल, मेण काहीही नाही. फक्त सुएडचा ब्रश, एकाच दिशेनं. तेलाचा ताजा डाग पडला तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडा. पावसाळ्यात घालूच नका.

घडीच्या सुरकुत्यांवर इस्त्री करू का?

आधी अंघोळीच्या वाफेत, पाणी अंगावर उडणार नाही असं टांगून बघा. बहुतेक सुरकुत्या तेवढ्यानं सुटतात. नाहीच सुटल्या तर इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ बंद, मध्ये जाड सुती कापड, आणि इस्त्री एका जागी थांबवायची नाही.

रायडिंग जॅकेटची काळजी वेगळी असते का?

असते, कारण इथं प्रश्न दिसण्याचा राहत नाही. फॅशन जॅकेटचं चामडं साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतं, चांगल्या रायडिंग जॅकेटचं १.२ ते १.४. रस्त्यावर घसरताना तुमच्या कातडीऐवजी ते झिजतं. युरोपीय मानक ईएन १७०९२ मध्ये अशा कपड्यांची ट्रिपल ए, डबल ए, ए अशी वर्गवारी असते, ती आतल्या लेबलवर बघा.

पडल्यावर बहुतेक वेळा आधी शिवण उसवते, चामडं नंतर फाटतं. म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला खांदा, कोपर आणि बाजूच्या शिवणी दोन्ही हातांनी ताणून बघा. दोरा पांढुरका, केसाळ झाला असेल किंवा टाके वेगळे दिसत असतील तर जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोऱ्यानं पुन्हा शिवून घ्या. साध्या सुती दोऱ्यानं शिवू देऊ नका. जास्त तेल पाजलेलं चामडं सैल आणि ताणलेलं होतं, मग आतलं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, कोपरावरून सरकतं, आणि ऐन वेळी कोपर उघडाच राहतो. साफसफाईआधी आर्मर काढून ठेवा. हवेसाठी भोकं असलेल्या भागावर मेण लावू नका, ती बुजतात. एकदा जोरात पडलेलं जॅकेट बाहेरून ठीक दिसलं तरी आर्मर बदला.

आजोबांचा फौजेतला जुना चामडी कोट आहे. तेल लावून मऊ करू का?

कृपा करून नको. आपल्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत, अपशिंगे तर ‘मिलिटरी’ नावानंच ओळखलं जातं, त्यामुळे असे कोट, पट्टे, पिशव्या ट्रंकांमध्ये पुष्कळ आहेत. जुनं वनस्पतिजन्य पद्धतीनं कमावलेलं चामडं हवेतल्या गंधकाच्या आम्लांनी आतून कुजतं आणि हाताला विटकरी पूड लागते. असं चामडं मऊ होत नाही. तेल त्याला फक्त काळं आणि चिकट करतं. संग्रहालयांतले जतन करणारे लोक आता जुन्या चामड्याला नेमानं तेल लावत नाहीत.

लोखंडी ट्रंकेतून बाहेर काढा. घडी घालू नका. स्वच्छ न रंगवलेल्या सुती कापडाच्या सुरळ्या बाह्यांत आणि खांद्यांत भरा, म्हणजे तो आपल्याच वजनानं मोडत नाही. कापडात सैल गुंडाळून घरातल्या कोरड्या, अंधाऱ्या, वरच्या जागी आडवा ठेवा. कसर आणि उंदीर यांच्यावर लक्ष ठेवा. त्याच्या खिशातली चिठ्ठी, बिल्ला, नावाची पट्टी काढायची तर आधी कोटाचा फोटो काढा आणि कुठून काय निघालं ते लिहून कोटासोबत ठेवा. समारंभाला अंगावर घालायचा मोह आवरा.

भेगा पडल्यात, त्या भरून येतात का?

नाही. भेग म्हणजे तुटलेले तंतू, ते पुन्हा जुळत नाहीत. फिलर आणि रंग लावून झाकता येतात, आणि नुसता रंग उडाला असेल तर चामड्याचा रंग जुळवून देणारे कारागीर ते छान करतात. कापडाचा रंग किंवा स्प्रे पेंट वापरला तर पहिल्याच दुमडीला तडकतो.

चेन अडकते आणि पितळी बटणांभोवती हिरवं काहीतरी येतं.

चेनच्या दातांवर साधी मेणबत्ती घासा आणि चार वेळा वर-खाली करा, तेल टाकू नका, ते कापडी पट्टीत उतरतं. हिरवं जे येतं ते चामड्यातली स्निग्धता आणि पितळेतलं तांबं यांच्या संयोगानं. जितकं तेल जास्त, तितकं ते लवकर येतं. दात कोरायच्या लाकडी काडीनं खरवडा, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पुढच्या वेळी कंडिशनर बटणाच्या आसपास अर्धा इंच सोडून लावा.